चेक-इन म्हणजे चेकिंग नव्हे: मोठ्या माणसांना विमानतळाच्या काउंटरपुरतं इंग्रजी शिकवताना

लेकीचं बाळंतपण अमेरिकेत, मुलगा जर्मनीत नोकरीला, जावई दुबईत, नाहीतर स्वतःच मक्केच्या यात्रेला, उमऱ्याला निघालेले. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांतूनही पन्नाशी-साठीची माणसं हल्ली विमानात बसतात. निघायच्या महिनाभर आधी गल्लीतल्या एखाद्या निवृत्त गुरुजींना किंवा कॉलेजातल्या पोरीला निरोप येतो, ‘आमच्या बाबांना जरा इंग्रजी शिकवा.’ हे लिखाण त्या शिकवणाऱ्यासाठी आहे.

आधी एक कबूल करू. जाताना चिकलठाण्याच्या (संभाजीनगरच्या), नांदेडच्या, हैदराबादच्या किंवा मुंबईच्या विमानतळावर इंग्रजीवाचून कोणाचं अडत नाही. हिंदी सगळीकडे चालते, मुंबईत बऱ्याचदा मराठीही. खरी गरज परतीच्या प्रवासात आणि मधे विमान बदलताना पडते. मुलगा काउंटरपर्यंत सोबत येईल. सुरक्षा तपासणीच्या पलीकडे आई एकटीच असते. म्हणून धडे आखताना ‘फ्रँकफर्टहून मुंबई’ किंवा ‘जेद्दाहून हैदराबाद’ असा परतीचा प्रवास समोर ठेवा. जातानाचं त्यात आपोआप येतं.

दुसरं, व्याकरण बाजूला ठेवा. काउंटरवरचा माणूस जेमतेम दहा-बारा प्रश्न विचारतो आणि त्यांची उत्तरं एका-दोन शब्दांत होतात. माणसं बोलता येत नाही म्हणून अडत नाहीत, प्रश्न कशाबद्दल होता तेच कळत नाही म्हणून अडतात. वर्गातला दोन तृतीयांश वेळ कानासाठी ठेवला तरी जास्त होणार नाही. ‘आय एम गोइंग टू माय डॉटर्स हाऊस’ हे वाक्य घोकून घेण्यात आठवडा घालवणारे शिकवणारे पुष्कळ आहेत, आणि ते वाक्य काउंटरवर कोणी विचारतही नाही.

एकूण दहा तास पुरतात: आठवड्यातून दोनदा सव्वा-सव्वा तास, चार आठवडे. गट आठ-दहा जणांचा ठेवा. त्याहून मोठा झाला की प्रत्येकाला काउंटरसमोर उभं राहायची पाळी येत नाही. जागा कुठलीही चालते, शाळेची खोली, समाजमंदिर, घराची ओसरी. सामान इतकंच लागतं: काउंटर म्हणून एक उंच बाक, चाकांची एक खरी बॅग, हातात धरायचा ताणकाटा, कोऱ्या कागदावर छापलेले वीसेक खोटे बोर्डिंग पास आणि चार्ज केलेला मोबाइल. पेरणी आणि सोयाबीनची काढणी हे दिवस टाळा, निम्मा वर्ग शेतात असेल.

ओळखीचे शब्द, भलते अर्थ

अवघड शब्दांची भीती वाटते, पण फसवतात ते आधीपासून मराठीत वापरात असलेले इंग्रजी शब्द. पहिले दोन तास फक्त यांना द्या.

सर्वांत घातक ‘चेक-इन’. ते कानाला ‘चेकिंग’ ऐकू येतं आणि आपल्याकडे चेकिंग म्हणजे झडती. ‘हाऊ मेनी बॅग्ज आर यू चेकिंग इन?’ असं विचारलं की काका कुलूप काढून बॅग उघडायला लागतात. चेक-इन म्हणजे ‘मी आलो’ अशी नोंद करणं आणि मोठं सामान विमान कंपनीच्या ताब्यात देणं, हे आधी मराठीत नीट समजावा. मग दोन बॅगा समोर ठेवून बोटाने दाखवायला लावा: ‘धिस वन, चेक-इन. धिस वन, विथ मी.’ हे एवढं वाक्य पक्कं झालं की अर्धं काउंटर पार.

‘बोर्डिंग’ म्हणजे आपल्याकडे मुलांचं वसतिगृह. तिथे मात्र विमानात चढणं. ‘बेल्ट’ कमरेचा असतो. काउंटरवर ‘पुट इट ऑन द बेल्ट’ म्हटलं तर शेजारच्या सरकत्या पट्ट्यावर बॅग ठेवायची, आणि पुढे सुरक्षा तपासणीत ‘रिमूव्ह युवर बेल्ट’ म्हटलं तर खरंच कमरेचा काढायचा. एकच शब्द दहा मिनिटांच्या अंतराने दोन अर्थांनी येतो, तेव्हा दोन्ही वाक्यं एकापाठोपाठ ऐकवून कृती करून घ्या. ‘स्केल’ म्हणजे फूटपट्टी नव्हे, वजनकाटा. ‘विंडो’ म्हणजे तिकिटाची खिडकी नव्हे, खिडकीजवळची जागा. तिच्या जोडीचा ‘आईल’ हा शब्द कागदावर वाचला तर माणसं त्यातल्या एसचा उच्चार करतात. तो मुका आहे. आईल म्हणजे मधल्या वाटेकडेची जागा. वारंवार लघवीला जावं लागणाऱ्या माणसाने आईलच मागावी, हे वर्गात मोकळेपणाने सांगून टाकलेलं बरं.

‘गेट’ दोन असतात: इमारतीत शिरायचं दार आणि विमानाकडे जायचं दार. इथे एसटी स्टँडची उपमा चालते. स्टँडचं फाटक वेगळं, गाडी लागते तो फलाट वेगळा. बोर्डिंग पासवर छापलेला गेट नंबर म्हणजे फलाट.

‘लास्ट नेम’चा घोटाळा तर खास आपला. आपल्याकडे कागदपत्रांवर पुष्कळ ठिकाणी आडनाव आधी आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव शेवटी लिहितात. त्यामुळे ‘लास्ट नेम प्लीज?’ म्हटलं की शेवटी लिहिलेलं, म्हणजे वडिलांचं नाव सांगितलं जातं. लास्ट नेम, सरनेम, फॅमिली नेम: तिन्हींचं उत्तर पासपोर्टवर ‘सरनेम’ या ओळीत जे छापलंय तेच. प्रत्येकाला स्वतःचा पासपोर्ट आणायला सांगा आणि त्या ओळीवर बोट ठेवून तीन वेळा वाचून घ्या.

‘हो’ म्हणायची सवय

मोठ्या माणसांना न कळलेल्या प्रश्नाला ‘यस, यस’ म्हणायची सवय असते. समोरच्याचा मान राखायचा म्हणूनही आणि सुटका व्हावी म्हणूनही. चहाच्या टपरीवर त्याने काही बिघडत नाही. पण काउंटरवर पुढचे प्रश्न हमखास येतात:

‘डिड यू पॅक युवर बॅग्ज युवरसेल्फ?’ बॅग स्वतः भरली का? उत्तर: यस.

‘हॅज एनीवन गिव्हन यू एनिथिंग टू कॅरी?’ कोणी काही न्यायला दिलंय का? उत्तर: नो.

‘एनी पॉवर बँक, लायटर, बॅटरीज इन धिस बॅग?’ उत्तर: नो.

पहिल्याला यस, पुढच्या दोन्हींना नो. सगळ्यांना यस म्हटलं तर बॅग बाजूला जाते आणि माणूस घाबरतो. पण हा क्रम पाठ करून घेणं हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण कधी दुसरा प्रश्न आधी येतो. कळीचा शब्द पकडायला शिकवा: पहिल्यात ‘पॅक’, दुसऱ्यात ‘गिव्हन’, तिसऱ्यात ‘बॅटरी’ किंवा ‘पॉवर बँक’. प्रत्येकाच्या हातात एक हिरवा आणि एक लाल कागद द्या. तुम्ही प्रश्न उलटेसुलटे विचारा, त्यांनी बोलायचं नाही, फक्त कागद उचलायचा. वीस प्रश्नांत अठरा बरोबर आले की मगच तोंडाने उत्तर.

उत्तर पाठ करून भागत नाही याचं दुसरंही कारण आहे. उत्तर खरं असायला हवं. आपल्याकडे अमेरिकेला कोण निघालंय कळलं की शेजारच्या ताई मुलासाठी चिवड्याचा डबा आणून देतात, कोणी औषधाची पुडी. तो डबा न उघडता बॅगेत गेला असेल तर ‘नो’ हे उत्तर खोटं ठरतं. वर्गातच सांगा: दुसऱ्याचं बंद पुडकं घ्यायचं नाही. शिलाई मारलेलं, चिकटपट्टी गुंडाळलेलं तर मुळीच नाही, ते कितीही जवळच्या माणसाचं असो.

आता यातला बारीक सापळा. मराठीत ‘तुमच्याकडे पॉवर बँक नाही ना?’ असं विचारलं तर नसताना आपण ‘हो, नाही’ म्हणतो. म्हणजे आपला ‘हो’ समोरच्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. इंग्रजीत ‘यू डोन्ट हॅव अ पॉवर बँक?’ या प्रश्नाला नुसतं ‘यस’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला ‘आहे’ असं वाटू शकतं. म्हणून असल्या प्रश्नाला नुसतं यस किंवा नो द्यायचंच नाही, वस्तूचं नाव जोडायचं: ‘नो पॉवर बँक.’ ‘नो लायटर.’ याने गोंधळ उरत नाही. मान डोलावण्याचंही तसंच. आपली ती आडवी-तिरकी हालचाल परदेशी माणसाला हो वाटते की नाही, याचा भरवसा नाही. उत्तर तोंडाने द्यायचं.

आकडे, अक्षरं आणि रात्री बारानंतरची तारीख

मराठी आकड्यात एकक आधी येतो: पंचवीस म्हणजे पाच आणि वीस. इंग्रजीत वीस आधी, मग पाच. त्यामुळे ‘गेट थर्टी-टू’ ऐकून माणूस तेवीस नंबरकडे चालू लागतो. चूक बुद्धीची नाही, भाषेच्या सवयीची आहे, आणि मोठ्या वयात ती लवकर सुटत नाही. उपाय असा की अंक सुटे सुटे परत विचारायचे: ‘थ्री-टू?’ तसंच ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’. फरक शेवटच्या ‘न’मध्ये आणि जोर कुठे पडतो त्यात आहे, पण गोंगाटात दोन्ही निसटतात. तिथेही ‘वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?’ असं विचारायला शिकवा. हा एक प्रश्न आला की आकड्यांचं निम्मं काम झालं. शून्याला कोणी ‘झिरो’ म्हणतं, कोणी ‘ओ’, हेही कानावर घाला.

अक्षर-ओळखीसाठी पुस्तक नको. एसटी स्टँडबाहेर पंधरा मिनिटं उभे राहा आणि गाड्यांच्या पाट्या मोठ्याने वाचून घ्या. एम एच वीस संभाजीनगर, एकवीस जालना, बावीस परभणी, तेवीस बीड, चोवीस लातूर, पंचवीस धाराशिव, सव्वीस नांदेड आणि अडतीस हिंगोली. हे सगळ्यांना तोंडपाठ असतंच, आता तेच ‘एम-एच-टू-फोर’ असं म्हणायचं. पाटीवर अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात, बुकिंगचा सहा चिन्हांचा पीएनआरही बहुधा तसाच असतो. याहून चांगला आणि फुकट सराव दुसरा नाही.

काही अक्षरं कानाला जुळी आहेत: बी, डी, पी, टी, व्ही. यांच्यासोबत शब्द जोडायचा. ‘पी फॉर परभणी’ इथे ठीक, फ्रँकफर्टला कोणाला कळणार? सर्वांना ठाऊक असलेली नावं निवडा: बी फॉर बॉम्बे, डी फॉर दुबई, पी फॉर पॅरिस, टी फॉर टोकियो, व्ही फॉर व्हिसा, एम फॉर मुंबई, एन फॉर न्यूयॉर्क. सगळी सव्वीस नकोत, स्वतःच्या आडनावात आहेत तेवढी पुरे. अमेरिकेत झेडला ‘झी’ म्हणतात, हे सांगून ठेवा.

विमानतळांनाही तीन अक्षरांची नावं असतात आणि ती बॅगेला लावलेल्या चिठ्ठीवर छापलेली असतात. मुंबई बी-ओ-एम, हैदराबाद एच-वाय-डी, पुणे पी-एन-क्यू, संभाजीनगर आय-एक्स-यू, नांदेड एन-डी-सी. बॅग पट्ट्यावरून आत जाण्याआधी चिठ्ठीवर आपल्या मुक्कामाची तीन अक्षरं आहेत का ते बघणं, हे वाचता न येणाऱ्या माणसालाही चित्र ओळखल्यासारखं जमतं. ज्याची त्याची तीन अक्षरं मोठी लिहून द्या.

वेळेबद्दल एकच गोष्ट, पण ती चुकली तर विमानच जातं. तिकिटावर चोवीस तासांचं घड्याळ असतं. १५ तारीख, ००:३५ असं छापलेलं असेल तर विमान १४ तारखेच्या रात्री, बारा वाजून पस्तीस मिनिटांनी. आपल्या बोलण्यात ती चौदाचीच रात्र असते, म्हणून माणसं पंधराच्या रात्री पोचतात, चोवीस तास उशिरा. भारतातून आखात आणि युरोपकडे जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतरच सुटतात. फळ्यावर पाच तिकिटं काढा आणि ‘घरातून कोणत्या वारी, किती वाजता निघायचं?’ एवढंच विचारा. जालन्याहून मुंबईचा रस्ता धरूनच हिशेब करायचा. देशांतर्गत विमानाचा काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद करतात. आंतरराष्ट्रीयसाठी तीन तास आधी पोचणं हा नेहमीचा नियम धरा. बोर्डिंग पासवर दोन वेळा असतात. मोठ्या अक्षरातली बहुधा बोर्डिंगची असते, सुटण्याची नव्हे.

एकच प्रश्न, तीन तोंडं

संवाद पाठ करून घेण्यातला धोका असा की समोरच्याने तो पाठ केलेला नसतो. म्हणून प्रत्येक प्रश्न निदान तीन प्रकारे ऐकवा. बॅगांचा प्रश्न घ्या: ‘हाऊ मेनी बॅग्ज आर यू चेकिंग इन?’, ‘एनी बॅग्ज टू ड्रॉप?’, ‘जस्ट धिस वन?’ तिन्हींचं उत्तर आकड्याने: ‘टू बॅग्ज.’ पासपोर्टचा: ‘पासपोर्ट प्लीज’, ‘मे आय सी युवर ट्रॅव्हल डॉक्युमेंट्स?’ इथे बोलायचंच नाही, पासपोर्ट आणि तिकीट पुढे करायचं. कुठे जाताय: ‘व्हेअर आर यू फ्लाइंग टुडे?’, ‘फायनल डेस्टिनेशन?’ उत्तर गावाचं नाही, विमानतळाचं: ‘मुंबई.’ ‘उमरगा’ म्हणून उपयोग नाही.

हे प्रश्न तीन वेगळ्या आवाजांत रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवा. एक आवाज तुमचा, एक तरुण मुलीचा, एक भरभर बोलणाऱ्याचा. तिसऱ्या आठवड्यापासून मागे स्टँडवरचा गोंगाट असलेलं रेकॉर्डिंग द्या. आखातातल्या काउंटरवर फिलिपिनो, केरळी, आफ्रिकी अशी कोणीही माणसं असतात. तिथे साहेबी उच्चार शिकलेल्याचीच जास्त पंचाईत होते.

एक पूर्ण फेरी अशी होते:

‘गुड इव्हनिंग. पासपोर्ट प्लीज.’
(पासपोर्ट देणे.) ‘गुड इव्हनिंग.’
‘फ्लाइंग टू मुंबई?’
‘यस, मुंबई.’
‘हाऊ मेनी बॅग्ज?’
‘टू. अँड धिस वन विथ मी.’
‘प्लेस द फर्स्ट वन ऑन द स्केल.’
(बॅग ठेवणे. चाकं वर किंवा आडवी, पट्टा बाहेर लोंबत नको.)
‘विंडो ऑर आईल?’
‘आईल, प्लीज.’
‘बोर्डिंग ॲट ट्वेंटी-वन फिफ्टीन, गेट थर्टी-टू.’
‘टू-वन, वन-फाइव्ह. गेट थ्री-टू?’
‘दॅट्स राइट.’
‘थँक यू.’

या फेरीत काकांनी सांगितलेलं सगळं परत म्हणून दाखवलं, तेच या शिकवणीचं यश. ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’ घालायचंच. मराठीत आदर क्रियापदात आणि ‘अहो-जाहो’त असतो, त्यामुळे वेगळा शब्द लावायची सवय नसते, नुसतं ‘आईल’ ऐकताना हुकूम वाटतो.

‘सीट’ आणि ‘सिट’ यांचा उच्चार आपल्याकडे सारखाच होतो, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक बोलण्यात फारसा उरत नाही. काउंटरवर त्याने काही बिघडत नाही. सोडून द्या.

व्हीलचेअर मागवलेली असेल तर एक प्रश्न नक्की येतो: ‘कॅन यू क्लाइंब स्टेअर्स?’ भिडेखातर माणसं यस म्हणतात, आणि विमान दूर उभं असेल तर शिडीच्या पायथ्याशी खुर्ची थांबते. विमान कंपन्यांत यासाठी वेगळ्या खुणा आहेत: चालणं दूरचं जमत नाही पण जिना चढता येतो त्याला डब्ल्यू-सी-एच-आर, जिनाही चढता येत नाही त्याला डब्ल्यू-सी-एच-एस, आसनापर्यंत न्यावं लागतं त्याला डब्ल्यू-सी-एच-सी. गुडघे दुखतात त्या मावशींना ‘नो स्टेअर्स, प्लीज’ हे शब्द पाठच हवेत. आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागवायची, ऐनवेळी काउंटरवर नव्हे.

विमान बदलायचं असेल तर विचारायचा एकच प्रश्न: ‘माय बॅग्ज, अप टू मुंबई?’ व्याकरण मोडकं आहे, पण उत्तर मिळतं. मात्र परदेशातून येऊन पुढे देशातलंच दुसरं विमान पकडायचं असेल, तर भारतातल्या पहिल्या विमानतळावर सहसा बॅगा घेऊन कस्टममधून जावं लागतं. अमेरिकेत उतरतानाही पहिल्याच ठिकाणी तसं. ‘थ्रू’, म्हणजे बॅगा थेट शेवटपर्यंत जातील, असं म्हणाले होते म्हणून बॅगा पट्ट्यावर सोडून पुढे गेलं की फजिती.

सामान हाच अर्धा धडा

भाषेचे निम्मे प्रसंग सामान चुकल्यामुळे येतात, तेव्हा एक पूर्ण तास बॅगेला द्या. बॅग वर्गात आणायला सांगून ताणकाट्याला लावा. रिकामी बॅगच तीन-चार किलोची असते, हे पाहून पहिल्यांदा सगळे चमकतात. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो आत आणि ७ किलो हातात; परदेशी तिकिटावर आकडा वेगळा, तो तिकिटावरच बघायचा. एका बॅगेचं वजन ३२ किलोपुढे गेलं तर ती पैसे भरूनही सहसा घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्या माणसाच्या पाठीचा प्रश्न असतो.

आता मुद्दाम तीन किलो जास्तीची बॅग भरा आणि काउंटरवर पाठवा. ‘इट्स थ्री किलोज ओव्हर.’ यावर माणसं हात जोडतात, ‘जाऊ द्या ना’ म्हणतात, वशिला सांगू लागतात. कळीचा शब्द ‘ओव्हर’. मार्ग दोनच: ‘वन मिनिट, आय विल टेक आऊट’ किंवा ‘हाऊ मच टू पे?’ बाजूला होऊन, रांग न अडवता, बॅग उघडून पुन्हा बांधणं याचाही सराव करा. जड वस्तू वरच्या थरात ठेवल्या असतील तरच ते दोन मिनिटांत होतं. दोरीने बांधलेलं गाठोडं नको. दुबई विमानतळाने २०१७ पासून सपाट बाजू नसलेलं, गोल किंवा वेडंवाकडं सामान घेणं बंद केलं आहे. ते तिथे पुन्हा पेटीत भरायला लावतात.

घरच्या खाण्याचं काय? हातातल्या बॅगेत पातळ वस्तू १०० मिलिलिटरच्या वर चालत नाही, आणि पातळ म्हणजे पाणीच नव्हे: तूप, मध, लोणचं, तेलात भिजलेली ठेच्याची बाटली, सगळं त्यात मोडतं. ते खालच्या, म्हणजे चेक-इनच्या बॅगेत. येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी हेही खालीच. तिखटाची पूड हातातल्या बॅगेत तपासणीवाले अडवतात. सुकं खोबरं मात्र वर नाही आणि खालीही नाही. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून विमान कंपन्यांच्या मनाईच्या यादीत असतं. डोहाळजेवणाची ओटी घेऊन निघालेल्या आईला हे आधीच सांगा. पानाच्या बटव्यातला अडकित्ता खालच्या बॅगेत, काडेपेटी घरी.

पॉवर बँक याच्या अगदी उलट: खालच्या बॅगेत चालत नाही, हातातच. मर्यादा १०० वॉट-तास. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे चालते. लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कोणाच्या लक्षात येईल, विमानाच्या पोटात नाही, एवढं कारण सांगितलं की माणसं विसरत नाहीत.

कळलं नाही तर

चार वाक्यं, रोज, वर्गाच्या सुरुवातीला, प्रार्थनेसारखी: ‘सॉरी, अगेन प्लीज.’ ‘स्लोली, प्लीज.’ ‘प्लीज राइट इट.’ ‘प्लीज शो मी.’ यातलं तिसरं सर्वांत कामाचं. गेट नंबर, वेळ, भरायची रक्कम, सगळं कागदावर येतं, आणि तो कागद पुढे कोणालाही दाखवता येतो. ‘नो इंग्लिश’ म्हणायला शिकवू नका. ते म्हटलं की समोरचा बोलणं थांबवतो किंवा तेच वाक्य मोठ्याने ओरडतो.

चुका सुधारताना हात आखडता घ्या. ‘आय एम हॅविंग टू बॅग्ज’ चालू द्या. आकडा, होय-नाही, नाव आणि वेळ, या चारांत चूक झाली तरच थांबवा. आणि सर्वांसमोर नको. गावात ज्या काकांना सगळे नमस्कार करतात, त्यांना पंचवीस वर्षांच्या मुलीने चारचौघांत टोकलं तर पुढच्या वर्गाला ते येत नाहीत, ‘शेतात काम निघालं’ असा निरोप येतो. चूक झाली की तुम्ही काउंटरवाले होऊन तोच प्रश्न पुन्हा विचारा. त्यांचं त्यांना कळतं. नवरा-बायको एकाच गटात असतील तर त्यांना वेगवेगळं उभं करा. नाहीतर उत्तर नेहमी एकच जण देतो, आणि विमानतळावर नेमका तोच स्वच्छतागृहात गेलेला असतो.

शेवटचे दोन वर्ग रंगीत तालमीचे. दाराशी ओळखपत्र, मग काउंटर, मग तपासणी, मग गेट, शेवटी खुर्च्यांच्या रांगेत स्वतःची जागा शोधणं. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या मांडा: ए आणि एफ खिडकीच्या, सी आणि डी वाटेच्या. प्रत्येकाला गुपचूप एक अडचणीची चिठ्ठी द्या: बॅग दोन किलो जास्त, गेट बदललं, ‘गेट हॅज चेंज्ड टू फॉर्टी-वन’, नवऱ्याची जागा वेगळ्या रांगेत, विमान ‘डिलेड’, खालच्या बॅगेत पॉवर बँक सापडली. काउंटरवर एखाद्या अनोळखी माणसाला बसवा, तालुक्याच्या बँकेतला बाहेरच्या राज्यातला कारकून मिळाला तर उत्तम. पंधरा मिनिटांत, मराठीचा आधार न घेता जो खुर्चीपर्यंत पोचला तो पास.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढं, प्लास्टिकमध्ये बंद केलेलं एक कार्ड करून द्या. एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी लिपीत: पासपोर्टप्रमाणे नाव, पीएनआर, विमानाचा नंबर, मुक्कामाची तीन अक्षरं, घ्यायला येणाऱ्याचा फोन देशाच्या कोडसह, आजार आणि औषधं, व्हीलचेअर हवी की नको. खाली ती चार वाक्यं. मोबाइलची बॅटरी संपली तरी कार्ड संपत नाही. ते पासपोर्टच्या पाकिटातच ठेवायला सांगा. कौतुकाने साडीच्या घडीत, मोठ्या बॅगेत ठेवलेलं कार्ड पट्ट्यावरून आत निघून जातं.